खांद्यामागची चावी

१३ ऑक्टोबर १९९७ चा सोमवार. आपल्याकडे सकाळचे सहा वाजत होते. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस. अंगणात सडा पडत होता, दुधाच्या किटल्या सायकलींना लागल्या होत्या. त्याच क्षणी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, अजून रविवारच चालू होता आणि संध्याकाळचे साडेपाच व्हायला आले होते. माँटेरे उपसागराच्या काठी पॅसिफिक ग्रोव्ह नावाचे गाव आहे. तिथे किनाऱ्यावर असलेल्या लोकांना एक लहानसे, वेगळ्याच आकाराचे विमान दिसले. ते फार उंचावर नव्हते. फार तर पाचशे फूट. काहींना इंजिनचा आवाज एकाएकी उतरल्यासारखा वाटला. विमान कलले, नाक खाली गेले आणि बघता बघता ते समुद्रात कोसळले. किनारा हाकेच्या अंतरावर होता.

विमानात एकच माणूस होता. वय ५३. अमेरिकेला डोंगर, नद्या आणि गावाकडच्या वाटा यांच्या गाण्यांनी वेड लावणारा गायक जॉन डेन्व्हर. आपल्याकडेही सत्तरच्या दशकात महाविद्यालयांच्या वसतिगृहांत एखादा गिटारवाला असायचाच, आणि त्याला 'टेक मी होम, कंट्री रोड्स' येतच असायचे. इंग्रजी धड न कळणारी पोरेही त्या सुरावर मान डोलवायची. गावापासून लांब आलेल्या पोरांना भाषांतराची गरज नसते.

डेन्व्हरच्या गाण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात त्याची गोष्ट सांगायची आहे ती एका लहानशा वस्तूसाठी. ती वस्तू आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी हाताळली आहे. जुन्या मोटारसायकलच्या टाकीखाली पेट्रोलचा जो कॉक असायचा, तोच. विमानाच्या भाषेत ती इंधनाची चावी. ती कुठे बसवावी, एवढ्या एका प्रश्नावर एक माणूस गेला.

वैमानिकाचा मुलगा

त्याचे खरे नाव हेन्री जॉन डॉइचेनडॉर्फ. जन्म ३१ डिसेंबर १९४३ चा, न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉसवेल गावचा. वडील हवाई दलात अधिकारी आणि नाणावलेले वैमानिक. १९६१ मध्ये त्यांनी बी-५८ या ध्वनीपेक्षा वेगवान बॉम्बफेकी विमानावर वेगाचे विक्रम केले. असा बाप म्हणजे मुलाला केवढा अभिमान! पण घरात तो बाप कडक, कमी बोलणारा. माया असेल, पण ती दाखवणे त्यांना जमत नसे. शिवाय बदलीची नोकरी. आज ॲरिझोना, उद्या अलाबामा, परवा टेक्सास. ज्यांच्या वडिलांची नोकरी बदलीची होती, त्यांना यातले दुःख कळेल. शाळेत ओळख होऊन दोस्ती जमते न जमते तोच सामान बांधायची वेळ येते. हा मुलगा बुजरा झाला, एकटा पडला. अकरा वर्षांचा असताना आजीने त्याला एक जुनी गिटार दिली. १९१० साली बनलेली. नव्या गावात ओळख करून घ्यायला त्याला तेवढे एक साधन मिळाले.

शाळेच्या शेवटच्या वर्षांत तो वडिलांची मोटार घेऊन घरातून पळाला आणि थेट कॅलिफोर्नियाला पोहोचला. गायक व्हायचे होते. वडील विमानाने जाऊन त्याला परत घेऊन आले. शाळा पुरी झाली, टेक्सासमधल्या लबक येथे वास्तुशास्त्र शिकायला नाव घातले गेले. पण मन गिटारीतच. शिक्षण अर्धवट टाकून तो पुन्हा लॉस एंजेलिसला गेला. डॉइचेनडॉर्फ हे आडनाव फलकावर मावेना आणि लोकांच्या जिभेवर बसेना. म्हणून कोलोरॅडो राज्याच्या राजधानीचे नाव त्याने आडनाव म्हणून घेतले. ज्याला स्वतःचे असे एक गाव नव्हते, त्याने एका शहराचे नावच लावले.

१९६५ मध्ये त्याला चॅड मिचेल यांच्या तिघांच्या गायनसंघात जागा मिळाली. पुढच्याच वर्षी त्याने पदरमोड करून गाण्यांची एक तबकडी काढली आणि मित्रांना वाटली. तिच्यातले एक गाणे निरोपाचे होते. पुढे 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' या नावाने पीटर, पॉल अँड मेरी या गायकांनी ते गायले आणि १९६९ च्या डिसेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पहिल्या मोठ्या यशातही विमान होतेच.

गाव नसलेल्याचे गाणे

१९७१ मध्ये 'कंट्री रोड्स' आले. हे गाणे बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडप्याने सुरू केले होते. डेन्व्हरने त्यांच्याबरोबर बसून ते पुरे केले. गंमत अशी की ज्या वेस्ट व्हर्जिनियाच्या ओढीने ते भरलेले आहे, तिथले ते जोडपे नव्हते, आणि मूळ कल्पना सुचली ती शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या रस्त्यावर. तरीही वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांनी ते आपले मानले आणि २०१४ मध्ये त्याला राज्यगीताचा दर्जा दिला. गाणे माणसापेक्षा लांबचा प्रवास करते, हे आम्हा हिंगोलीकरांना वेगळे सांगायला नको. आमच्या नर्सीच्या नामदेवांची पदे पंजाबात गुरुग्रंथसाहिबात जाऊन बसली.

'रॉकी माउंटन हाय' १९७२ चे. तेही पुढे २००७ मध्ये कोलोरॅडोचे राज्यगीत झाले. १९७४ मध्ये 'सनशाइन ऑन माय शोल्डर्स' आणि 'ॲनीज साँग'. हे दुसरे त्याने पत्नी ॲनीसाठी लिहिले. बर्फावर घसरत जाण्यासाठी डोंगरमाथ्यावर नेणाऱ्या पाळण्यात बसला असताना ते त्याला सुचले. गोल चष्मा, कपाळावर सोनेरी केस आणि चेहरा शेजारच्या घरातल्या मुलासारखा. समीक्षकांना तो फार गोड वाटे, पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. १९७५ मध्ये ग्रामीण संगीताच्या वार्षिक समारंभात सर्वोत्कृष्ट कलावंत म्हणून त्याचे नाव निघाले, तेव्हा नाव वाचणाऱ्या चार्ली रिच या गायकाने ती चिठ्ठी रंगमंचावरच लायटरने पेटवली. परंपरेच्या राखणदारांना तो आपला वाटत नव्हता. त्याने वाद घातला नाही.

पैसा आला, तसा त्याने तो चांगल्या कामांतही घातला. १९७६ मध्ये ॲस्पेनजवळ निसर्गरक्षणासाठी विंडस्टार नावाची संस्था काढली. भुकेच्या प्रश्नावर काम केले. अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगावर तो होता. १९८७ मध्ये चेर्नोबिलच्या दुर्घटनाग्रस्तांसाठी कीव्हमध्ये जाऊन गायला. संसार मात्र टिकला नाही. ॲनीशी घटस्फोट झाला, दुसरे लग्नही १९९३ मध्ये मोडले. दारूने त्रास दिला. १९९३ आणि १९९४ मध्ये नशेत मोटार चालवल्याबद्दल त्याला पकडले गेले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या सगळ्यात एक गोष्ट त्याला सुखाची लाभली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो विमान चालवायला शिकला आणि शिकवणारे होते त्याचे वडील. घरात जे बोलणे कधी झाले नव्हते, ते विमानाच्या दोन आसनांवर शेजारी बसून झाले. वडील निवृत्तीनंतर मुलाचे लिअरजेट विमान चालवू लागले. १९८२ मध्ये ते गेले, तेव्हा बाप-लेकांत अढी राहिलेली नव्हती. डेन्व्हरसाठी उडणे हा श्रीमंतांचा शौक नव्हता. वडिलांकडून त्याला जे काही हातात मिळाले ते हे.

त्याला अंतराळातही जायचे होते. सामान्य नागरिकांना अंतराळयानातून नेण्याच्या नासाच्या योजनेसाठी त्याने आवर्जून प्रयत्न केले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि क्रिस्टा मॅकॉलिफ या शिक्षिकेसह सात जण गेले. डेन्व्हरने त्यांच्यासाठी गाणे केले. त्या अपघाताचे कारण होते रॉकेटच्या सांध्यातली रबराची एक कडी. थंडीत ती ताठरली. अभियंत्यांनी आदल्या रात्रीच धोका सांगितला होता. एवढे मोठे यान, आणि वायसरसारखी एक वस्तू! दोषाची कल्पना असून उड्डाण झाले, हे त्यातले सगळ्यांत बोचणारे.

घरी बांधलेले विमान

अमेरिकेत एक प्रथा आहे, तिचे आपल्याला नवल वाटेल. तिथे माणूस आपल्या मोटारीच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधतो आणि ते कायदेशीरपणे उडवतो. नियम असा की निम्म्याहून अधिक काम हौसेने बांधणाऱ्याने स्वतः केलेले असावे. सरकारी तपासनीस येऊन पाहणी करतो आणि 'प्रायोगिक' असा शिक्का मारून परवाना देतो. अशी हजारो विमाने तिथे आहेत.

या मंडळींचा एक गुरू म्हणजे बर्ट रुटान. मोजावेच्या वाळवंटात बसून त्याने एकाहून एक अजब विमाने आखली. १९८६ मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे व्हॉयेजर त्याचेच. त्याच्या लाँग-ईझी या दोन आसनी विमानाचे आराखडे हौशी लोक विकत घेत. थर्मोकोलसारखा फोम कापायचा, त्यावर काचतंतूंचे कापड आणि राळ यांचे थर चढवायचे. सुतारकाम आणि गणपतीची आरास यांच्या मधले काम. विमानाला नेहमीसारखी शेपटी नाही. लहान पंख पुढे, मोठे पंख मागे आणि इंजिनही पाठीमागे. जमिनीवर उभे असताना पुढचे चाक आत घेऊन ते नाक टेकवून बसते, गुडघे मोडून बसलेल्या जनावरासारखे. उडायला मात्र चपळ आणि इंधनाला काटकसरी.

डेन्व्हरने असे एक लाँग-ईझी विकत घेतले. ते टेक्सासमधल्या एका हौशी माणसाने बांधलेले होते आणि मधल्या काळात हातोहात पुढे गेले होते. म्हणजे विमान घरचे, पण घर दुसऱ्याचे. आपण जुने घर विकत घेतो तेव्हा दिव्याचे बटण दाराच्या भलत्याच बाजूला सापडते. बांधणाऱ्याला ते सोयीचे असते. नव्या मालकाचा हात अंधारात भिंत चाचपत राहतो. इथे तसेच झाले.

टाकी, हवा आणि चावी

इंधनाची व्यवस्था कशी असते ते थोडे समजून घेऊ. त्यासाठी विमानापर्यंत जायची गरज नाही, स्वयंपाकघर पुरे. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते. पहिले भोक तेलासाठी, दुसरे हवेसाठी. जेवढे तेल बाहेर जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. नाहीतर आतला रितेपणा तेलाला धरून ठेवतो.

मोटारसायकलच्या टाकीच्या झाकणालाही असे बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले तर टाकी भरलेली असून गाडी बंद पडते. मिस्त्री झाकण उघडतो, टाकी सुस्कारा टाकते आणि गाडी पुन्हा चालू होते. विमानाच्या टाकीला हवेसाठी नळीच असते, बाहेर वाऱ्यात तोंड काढलेली. ती उंचावर बर्फाने बंद होऊ शकते. जमिनीवर उभ्या विमानात तर कुंभारीण नावाची माशी त्या नळीत मातीचे घर करून ठेवते. म्हणून वैमानिक उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारतो आणि ते तोंड वाकून बघतो. दीडदमडीच्या माशीसाठी एवढा मान वाकवायचा, कारण वर गेल्यावर मिस्त्री नसतो.

हवेनंतर येते चावी. लाँग-ईझीला पंखांच्या मुळाशी दोन टाक्या असतात, डावी आणि उजवी. दोन्ही मिळून सुमारे दोनशे लिटर. ज्या विमानांचे पंख डोक्यावर असतात, त्यांत इंधन नळाच्या पाण्यासारखे आपोआप खाली येते आणि दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवता येतात. लाँग-ईझीत टाक्या खाली, म्हणून पंपाने ओढावे लागते. पंपाला दोन्ही टाक्या एकदम जोडून चालत नाही. शहाळ्यात एक नळी घाला, दुसरी बाहेर ठेवा आणि दोन्ही एकदम ओढा. तोंडात हवाच येईल. तसेच आधी रिकाम्या झालेल्या टाकीतून पंप हवा ओढू लागतो आणि दुसरी टाकी भरलेली असून इंजिन उपाशी राहते. म्हणून चावी. डावी टाकी, उजवी टाकी किंवा बंद. वैमानिकाने लक्ष ठेवून ती फिरवायची.

ज्यांनी नव्वदच्या दशकापर्यंत मोटारसायकल चालवली, त्यांना हे नवे नाही. औंढ्याच्या रस्त्याला गाडी फुरफुरायला लागली की डावा हात आपोआप गुडघ्यापाशी जायचा आणि कॉक रिझर्व्हवर फिरायचा. नजर रस्त्यावरची हलत नसे, गाडीही थांबत नसे. मागे बसलेल्या मंडळींना पत्ताही लागत नसे. आता कल्पना करा, तो कॉक मागच्या सीटच्या पाठीमागे बसवला असता तर?

रुटानच्या आराखड्यात ही चावी वैमानिकाच्या समोर, दोन पायांच्या मध्ये होती. ज्याने हे विमान बांधले त्याने ती हलवली. त्याचा विचार वाईट नव्हता. इंधनाच्या नळ्या माणूस बसतो त्या जागेतून नेऊ नयेत, आगीचा धोका नको, असे त्याला वाटले. म्हणून चावी गेली वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे, पाठीच्या भिंतीवर. चावीची कुठली बाजू म्हणजे कुठली टाकी, हे सांगणारी पट्टी तिथे नव्हती. टाकीत किती इंधन आहे ते दाखवणाऱ्या काचाही मागच्या आसनाच्या बाजूला. पुढे बसणाऱ्याला मान वळवल्याशिवाय न दिसणाऱ्या. एक धोका टाळण्याच्या चांगल्या हेतूने केलेल्या बदलातून दुसरा धोका कधी आत आला, ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पहिल्या मालकाला सवय असेल. सवय मात्र विमानाबरोबर विकता येत नाही.

ती संध्याकाळ

११ ऑक्टोबरला डेन्व्हरला या विमानाची ओळख करून देण्यात आली, उड्डाण धरून अर्ध्या तासाची. त्याच्या नावावर २,७०० हून अधिक तासांचे उड्डाण होते. कसरतीची विमाने आणि जेटही त्याने चालवले होते. अर्धा तास पुरेसा वाटला असेल.

१२ तारखेला तो माँटेरेच्या विमानतळावर आला. तिथल्या एका तंत्रज्ञाशी त्याचे बोलणे झाले ते याच चावीबद्दल. हात नीट पोहोचत नाही, हे दोघांनाही दिसत होते. चावीच्या दांड्याला पक्कड लावून तो लांब करता येतो का, हेही त्यांनी करून पाहिले. जमले नाही. इंधनाच्या काचा दिसाव्यात म्हणून त्या तंत्रज्ञाने त्याला एक लहान आरसा दिला. एका टाकीत निम्म्याहून कमी आणि दुसरीत पाव भागाहूनही कमी इंधन असल्याचे त्याने पाहिले होते. भरून देऊ का, असे विचारले. डेन्व्हरने नको म्हटले. तासभरच तर उडायचे होते. चावी फिरवायची वेळ आलीच तर स्वयंचलित यंत्रणेवर विमान सरळ ठेवू, असा त्याचा बेत होता.

पाच वाजून गेल्यावर तो उडाला. धावपट्टीवर चाके टेकवून पुन्हा उचलण्याचा सराव त्याने तीनदा केला आणि मग तो समुद्राकडे वळला. साडेपाचच्या आधीच सगळे संपले.

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९९ च्या जानेवारीत निष्कर्ष दिला. चावी फिरवण्यासाठी वैमानिकाला चार गोष्टी कराव्या लागत होत्या. उजव्या हाताने धरलेला दांडा सोडायचा. खांद्यावरचा पट्टा सैल करायचा. कमरेपासून वरचे अंग डावीकडे काटकोनात वळवायचे. मग चावी फिरवायची. असे वळताना तोल सांभाळायला उजवा पाय आपसूक ताणला जातो, आणि त्या पायाखाली असतो विमान उजवीकडे वळवणारा पेडल. चौकशी करणाऱ्यांनी तशाच विमानात बसून हे करून पाहिले, तेव्हा त्यांचेही पाय तसेच ताणले गेले. टाकी बदलण्याच्या धडपडीत लक्ष विचलित झाले, पेडल दाबला गेला आणि विमान ताब्यातून सुटले, असे मंडळाने ठरवले. अपुरी तयारी, इंधन न भरणे, चावीची जागा, पट्ट्यांचा अभाव आणि नव्या विमानाची अपुरी ओळख हीही कारणे नोंदवली.

लोकांनी दारूचे नाव घेतले. दारूवरूनच त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र रद्द झालेले होते, म्हणजे त्याने त्या दिवशी उडायलाच नको होते, हे खरे. पण त्याच्या शरीरात दारूचा अंश सापडला नाही. तो त्या संध्याकाळी शुद्धीवर होता, जाणकार होता, आणि समोरचा दोष त्याला माहीत होता. एखाद्या बेफिकीर माणसाची ही गोष्ट असती तर वाचून सोडून देता आली असती.

'आहे' आणि 'हाताशी आहे'

बँकेत बरीच वर्षे गेल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न असतो: आग विझवण्याचे नळकांडे आहे का? उत्तर: आहे. बरोबरची खूण. एका शाखेत ते नळकांडे स्टेशनरीच्या कपाटामागे होते आणि कपाटापुढे जुन्या खतावण्यांची थप्पी. दरवर्षी तपासनीस यायचे, दरवर्षी बरोबरची खूण पडायची. खोटे कोणीच लिहीत नव्हते, कारण वस्तू होतीच. ती हाताशी आहे का, असा प्रश्न फॉर्मवर नव्हता. डेन्व्हरच्या विमानातही चावी होतीच. सरकारी शिक्का होता. कागद पूर्ण होते.

आपल्या घरात डोकवा. गॅसचे रेग्युलेटर कुठे आहे? सिलिंडर ओट्याखाली अगदी आत सरकवलेला, त्यापुढे पिंप. भडका उडाला तर हात आगीतूनच न्यावा लागेल. मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर विहिरीच्या तोंडाशी, ओल्या जागेवर. फ्यूजच्या जागी तार. या सगळ्याला आपला एकच मंत्र आहे: चालतंय की. आणि रोज चालतेच. त्याचीच भीती वाटली पाहिजे.

पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण वेल्डरने घरच्या घरी हेलिकॉप्टर बांधले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना त्याचे पाते तुटले आणि तो गेला. त्याच्या हिमतीला हसणारे हसले, हळहळणारे हळहळले. त्या पोराजवळ स्वप्न होते, कसब होते. काम उघड्या डोळ्यांनी तपासून देणारा, नाही म्हणणारा एखादा जाणकार शेजारी नव्हता. याच महाराष्ट्रात कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव या वैमानिकाने घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. नियमांचा जाच खरा आहे. पण तपासणी आणि जाच यांत फरक आहे, हे दोन्ही बाजूंनी ओळखले तर फुलसावंगीच्या पोरासारखी मुले जगतील आणि उडतीलही.

आमच्या हिंगोलीत विमानतळ नाही. विमान गाठायचे तर नांदेडला जावे लागते. तरी डोक्यावरून विमान गेले की पोरे अजून अंगणात धावत येतात. त्यातले एखादे उद्या खरेच काही बांधायला घेईल. त्याला नाही म्हणू नये. त्याच्या कामाशी जाऊन उभे राहावे आणि एवढेच म्हणावे, की बाबा, डोळे मीट, जागेवर बस आणि बंद करायच्या चावीला हात लावून दाखव. हात पोहोचला तर पुढचे बोलू. नाही पोहोचला, तर आज काम थांबव, आधी चावी पुढे आण.

डेन्व्हरची राख कोलोरॅडोच्या डोंगरांत विखुरली गेली. बदलीच्या गावांत वाढलेल्या त्या माणसाला शेवटी एक गाव मिळाले. गाणी तर राहिलीच आहेत. ती ऐकताना कधी त्या आरशाचीही आठवण ठेवावी. मदत करणाऱ्या एका भल्या माणसाने तो दिला होता. त्याच्यात मागचे सगळे दिसत होते. हात तेवढा पोहोचत नव्हता.